बेंतीन

माझ्या मानेवर, डाव्या बाजूला, कॉलरच्या जरा खाली तांदळाच्या दाण्याएवढा लांबट डाग आहे. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामात एकवीस वर्षं काढलेल्या माणसाच्या अंगावर डाग असणारच, हातावरचे तर मोजतही नाही. पण हा लोखंडाचा डाग नाही. बेंतीनच्या नायलॉन दोरीचा आहे.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या कॅथलिक घरांत बेंतीन म्हणजे काय ते कुणाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. मरियामातेच्या भक्तीची खूण. तपकिरी लोकरी कापडाचे काडेपेटीएवढे दोन तुकडे, दोन दोऱ्यांनी जोडलेले. डोक्यातून घालायचं, एक तुकडा छातीवर, दुसरा पाठीवर, दोऱ्या दोन्ही खांद्यांवरून. शर्टाच्या आत. शब्द पोर्तुगीज, गोव्याकडून घाट चढून आलेल्या आमच्या पूर्वजांबरोबर आलेला. शहरातली मुलं स्कॅप्युलर म्हणतात. घरी मराठी, चर्चमध्ये कधी मराठी तर कधी कोंकणी मिस्सा, कामावर कन्नड, अशा आमच्या आयुष्यात हा शब्द मात्र तिन्हीकडे तसाच राहिला.

माझी पहिली बेंतीन आईनं शिवली होती. ती जीर्ण झाली तेव्हा एका फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, फेरीतून मी तयार विकत घेतली. प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं चित्र आणि नायलॉनची दोरी. स्वस्त होती, धुवायला सोपी होती. तीन महिन्यांनी लॅडलमधून, म्हणजे ओतायच्या मोठ्या डावातून, साच्यात लोखंड ओतताना एक ठिणगी उडून कॉलरमध्ये गेली. चौदाशे अंशांवरच्या लोखंडाची ठिणगी सुती कापडावर पडली तर भोक पाडून विझते. नायलॉन विझत नाही, वितळतो आणि कातडीला चिकटतो. मानेवरून तो सोलून काढावा लागला.

त्यानंतर काही वर्षं मी बेंतीनऐवजी धातूचं पदक वापरलं. त्याला पूर्ण परवानगी आहे. पोप दहावे पायस यांनी १६ डिसेंबर १९१० रोजी ती दिली: एका बाजूला येशूचं पवित्र हृदय, दुसऱ्या बाजूला मरियामाता. अट इतकीच की आधी कापडाच्या बेंतीननं दीक्षा झालेली हवी. पण भट्टीसमोर उभं राहणाऱ्याच्या गळ्यात साखळी म्हणजे शिक्षा. लोखंड न लागताही नुसत्या धगीनं पदक तापतं आणि छातीला चटका बसतो. शिवाय कामावर गळ्यात धातू नको हा नियम आहे, आणि तो योग्यच आहे.

शेवटी परत आईकडे गेलो. कोट शिवणाऱ्या शिंप्याकडून तिनं तपकिरी लोकरीची कातरणं आणली. कापड दुहेरी केलं, कडेनं काजाचा टाका घातला, एकेक टाका इतका जवळ की मधून सुई जाणार नाही. दोरीसाठी सुती धाग्याचे चार पदर मांडीवर वळून पीळ दिला. मी म्हटलं, फादरांकडून आशीर्वाद घ्यायला हवा ना? ती म्हणाली, "तुझी दीक्षा लहानपणीच झालीय. जुनी गेली की नवी घालायची, परत आशीर्वाद लागत नाही." तिचं बरोबर होतं. दीक्षा एकदाच, धर्मगुरूच्या हातून, मग ती आयुष्यभराची. जळलेली नायलॉनची बेंतीन तिनं परसात जास्वंदीच्या बुडाशी पुरली. आशीर्वादित वस्तू कचऱ्यात टाकायची नसते, जाळायची किंवा पुरायची.

आमच्या खात्यात एक माळकरी मामा होते. गळ्यात तुळशीची माळ, वर्षातून एकदा पंढरी. दुसरे एक अण्णा लिंगायत, चांदीच्या डबीत इष्टलिंग, छातीशी. दुपारी नळावर शर्ट काढून हातपाय धुताना तिघांच्याही गळ्यातलं उघड्यावर यायचं. मानेवर जखम झाली त्या आठवड्यात मामांनी विचारलं, "काय वो, ते घालूनसुद्धा भाजलंच की. मग राखतं काय ते?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण तसं काहीतरी माझ्याही मनात होतंच. आमची परंपरा सांगते की १६ जुलै १२५१ रोजी कार्मेल या मठवासीयांच्या संघाचे संत सायमन स्टॉक यांना मरियामातेनं दर्शन दिलं आणि या वस्त्राबद्दल वचन दिलं: हे अंगावर असताना जो मरेल त्याला सार्वकालिक आग भोगावी लागणार नाही. लहानपणापासून ऐकलेलं. रोज आगीसमोर उभ्या राहणाऱ्याला 'आग' हा शब्द वेगळाच ऐकू येतो. नरकाची आग आणि भट्टीची आग यांची मी मनात कधी गल्लत केली ते मलाही कळलं नव्हतं.

फादरांना विचारलं. त्यांनी वचनाची चर्चा केलीच नाही, आधी मला विचारलं, "भट्टीवर काय घालतोस?" चामड्याचा एप्रन, म्हटलं. मग त्यांनी सांगितलं ते मी अजून विसरलेलो नाही. स्कॅप्युलर हा शब्द खांद्याच्या फऱ्यांसाठीच्या लॅटिन शब्दावरून आला. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिले, त्यातल्या ५५ व्या प्रकरणात कपड्यांची यादी आहे, आणि तिथं स्कॅप्युलर दिलाय तो कामासाठी. शेतात, भटारखान्यात राबताना अंगावरून सोडायचा लांब पट्टा. पुढं तो मठवासीयांच्या वेषाचा भाग झाला, आणि संघाशी जोडून घेणाऱ्या संसारी माणसांना त्याचंच छोटं रूप मिळालं. म्हणजे माझ्या गळ्यात जे आहे ते मूळचं कष्टकऱ्याचं वस्त्र. फादर म्हणाले, "एप्रन घातला की माणूस कामाला लागतो. बेंतीन घातली की मरियेच्या घरचा नोकर झालास. नोकरासारखं वाग, मग वचनाचं ती बघेल."

हे मामांना सांगितलं तेव्हा त्यांना लगेच पटलं. माळ घातली म्हणजे मटण सुटलं, दारू सुटली, खोटं सुटलं, एकादशी आली, वारी आली. माळ राखत नाही, माळ बांधते, असं तेच म्हणाले.

म्हणून ताईतासारखी बेंतीन घालणाऱ्यांचं मला मनापासून वाईट वाटतं. परीक्षेपुरती, ऑपरेशनपुरती, नवीन गाडी घेतली की आरशाला. २००१ मध्ये रोमहून लोकभक्तीबद्दलचं मार्गदर्शन आलं, त्यातही पदकं ताईत म्हणून वापरू नयेत असं स्पष्ट आहे. रंगीत प्लॅस्टिकची जपमाळ नुसती शोभेसाठी गळ्यात घालून फिरणारी पोरं दिसली की मी थांबवून विचारतो, "तेर्स म्हणतोस का?" तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना. म्हणत असेल तर खुशाल घाल. चर्चच्या १९८३ च्या कायद्यातला ११७१ वा नियम एवढंच मागतो की पवित्र वस्तू आदरानं वापरा.

त्याच २००१ सालच्या २५ मार्चला पोप दुसरे जॉन पॉल यांनी कार्मेल संघाला पत्र लिहिलं, बेंतीनला साडेसातशे वर्षं झाली म्हणून. त्यात त्यांनी लिहिलंय की मीही फार काळापासून ती हृदयाशी बाळगतो. तरुणपणी, युद्धाच्या काळात, ते दगडाच्या खाणीत आणि मग रसायनांच्या कारखान्यात मजूर होते. धुळीत आणि घामात लोकर कशी टोचते, हे त्या माणसाला माहीत असणार. ती टोचतेच. पावसाळ्यात तर दिवसभर ओली राहते, वास येतो, रविवारी कोमट पाण्यात साबण लावून धुवायची आणि चुलीजवळ वाळत घालायची.

२०२४ मध्ये कार्मेल मातेचा सण १६ जुलैला, मंगळवारी, आणि दुसऱ्याच दिवशी आषाढी एकादशी. बाहेर भाताची लावण चालू होती आणि पाऊस थांबत नव्हता. आम्ही चर्चला गेलो तेव्हा आई बरोबर होती, पण तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही. त्या वर्षीच्या तीन बेंतीन मी शिवल्या, ती शेजारी बसून बोटानं कड चाचपायची आणि टाका सैल लागला की उसवायला लावायची. एक तिची, एक माझी, एक बंगळूरला नर्स असलेल्या मुलीची. मुलगी फोनवर म्हणाली, दोरी जरा आखूड ठेवा, वाकलं की युनिफॉर्मच्या बाहेर येते. मी दोन बोटं कमी केली आणि पीळ घट्ट दिला.