शेपटाकडून तोडत जाताना

लांबलचक संख्या दिसली की तिच्या अंकांची बेरीज केल्याशिवाय मला राहवत नाही. पावतीवरची असो, कुणाचा फोन नंबर असो, नाहीतर यंत्राच्या पाठीवरचा क्रमांक. बेरजेला 3 ने भाग गेला की संख्येलाही जातो, म्हणजे ती मूळ नाही; माझ्यापुरती ती कामातून गेली. नाद तसा निरुपद्रवी आहे. समोरचा बोलत असताना माझे ओठ हलतात, एवढीच तक्रार येते.

परवा दुपारी 73939133 भेटली. बेरीज 38, म्हणजे 3 चा प्रश्नच नाही. ही मूळ संख्या. शेवटचा अंक पुसला तर उरते 7393913, तीही मूळ. पुसत राहा: 739391, 73939, 7393, 739, 73 आणि शेवटी एकटा 7. सगळ्या मूळ! उजवीकडून अशा छाटता येणाऱ्या मूळ संख्या दशमान पद्धतीत अवघ्या 83 आणि ही त्यांतली सर्वांत मोठी. एरवी मूळ संख्यांना अंत नाही, हे युक्लिडच्या काळापासून ठाऊक आहे. हे घराणं मात्र आठ अंकांत आटोपतं.

लहानपणी ताई एक खेळ करायची. कुठलीही तीन अंकी संख्या लिही म्हणायची, तिला चिकटून तीच पुन्हा लिही. समजा 347347. आता 7 ने भाग, आलेल्या उत्तराला 11 ने, मग 13 ने. बाकी कुठेच राहायची नाही आणि शेवटी 347 जशीच्या तशी हजर. ताईला आकडे दिसू नयेत म्हणून मी पाठमोरा बसून भागाकार करायचो, तरी तेच. 7, 11 आणि 13 यांचा गुणाकार 1001, एवढंच त्यातलं गुपित. ते कळल्यावर मी दिसेल त्याला पकडून हा खेळ करत सुटलो, आणि ताईने तो सोडून दिला.

संख्येच्या चेहऱ्यावर मात्र जाऊ नये. 4294967297 घ्या, म्हणजे 2 चा 32 वा घात अधिक 1. बेरीज 59, दिसायला अगदी सोज्वळ. गणितज्ञ फर्मा तिला मूळ समजत होता. 1732 मध्ये ऑयलरने दाखवलं की तिला 641 ने भाग जातो. तिचा मूळ विभाजक 64 च्या पटीत 1 मिळवूनच येतो, हे माहीत असलं की काम सोपं: 193, 257, 449, 577 आणि पाचव्या खेपेला 641. फर्मासारख्या माणसाने एवढे पाच भागाकार करू नयेत?

तर 73939133. तिच्यापुढे आणखी एक अंक का चालत नाही? सम अंक आणि 5 बादच. 1 जोडला तर बेरीज 39, 7 जोडला तर 45. दोन्हीकडे 3 आडवा येतो. 3 जोडला की भागत भागत थेट 127 पर्यंत जावं लागतं, तेव्हा कुठे ती फुटते. उरला 9. फुटते तीही, पण तिच्यासाठी नवा कागद घ्यावा लागेल. घेऊ कधीतरी.