घरातल्या सगळ्यांची औषधं नेणारी बाई

माझ्या दवाखान्यात काही बायका वर्षानुवर्षं येतात आणि त्यांच्या नावाची फाईलच नसते. असली तरी एका पानाची. सासऱ्यांचा खोकला कधी वाढतो, मुलीला कुठल्या आइस्क्रीमनं घसा धरतो, नवऱ्याला रात्री किती वाजता जळजळतं, सगळं त्यांना तोंडपाठ असतं. स्वतःचं विचारलं की "माझं काय, माझं चाललंय" म्हणतात आणि पर्सची चेन लावतात. चिपळुणात होमिओपॅथीची प्रॅक्टिस करताना अशा बायका मी खूप पाहिल्यात. त्यातल्या एकीबद्दल लिहिते. तिला विचारून लिहितेय. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. इथे तिला सुनंदा म्हणू.

वय चव्वेचाळीस. पतसंस्थेत नोकरी, नवरा मस्कतला, मुलगी बारावीला, घरात ऐंशीच्या घरातले सासरे. वडील गेले तेव्हा ही दहावीत होती. आई कलमांच्या बागेत मजुरीला जाऊ लागली, आणि स्वयंपाक, धाकट्या भावाचा अभ्यास, किराणा दुकानाची उधारी हे सगळं हिच्याकडे आलं. ते तिनं पुन्हा कधी खाली ठेवलं नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा सासऱ्यांना आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना तिनं माळ्यावर चढवलं आणि रात्र काढली. नवरा आला तोवर घरातला चिखल काढून, भिंती धुऊन झाल्या होत्या. गल्लीत कुणाचं काही अडलं की लोक म्हणतात, "सुनंदाला सांगा." तिचं कौतुक मीही अनेकदा केलंय. कौतुकानं तिचं ओझं कमी होत नव्हतं, उलट त्यात भर पडत होती, हे मात्र खरं.

त्या शनिवारी ती सासऱ्यांच्या पुड्या न्यायला आली. माझा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. जिना चढून आली आणि दाराशी कठडा धरून थोडा वेळ उभी राहिली, मग आत आली. पैसे मोजताना तिचे हात टेबलावर होते. नखं पांढरट, सपाट, आणि अंगठ्याचं नख मधोमध खोलगट झालेलं, पाण्याचा थेंब ठेवला तर राहील असं.

"सुनंदाताई, बसा जरा."

"नको मॅडम, आज ऑडिटचे लोक यायचेत. डोकेदुखीचं काहीतरी द्या फक्त. रोज दुपारी दुखतं."

"बसल्याशिवाय देणार नाही."

बसली, पण खुर्चीच्या कडेला. होमिओपॅथीचा जनक हानेमान, त्यानं आपल्या 'ऑर्गनॉन' या ग्रंथाच्या ८४व्या सूत्रात सांगितलंय की रुग्ण बोलत असताना वैद्यानं गप्प राहावं आणि तो भरकटत नसेल तर मध्ये तोडू नये. केस घेण्याचं आमचं सगळं शिक्षण या गप्प राहण्यावर उभं आहे. पण अशा बायकांसमोर नुसतं गप्प बसून भागत नाही. त्या दोन वाक्यांत आपलं दुखणं आटोपतात आणि उरलेल्या वेळात तुमची चौकशी करतात. त्यांना आडून विचारावं लागतं. दुखतंय का विचारलं तर 'नाही' येतं. काल काय काय केलं विचारलं की हळूहळू सगळं येतं.

मी विचारलं, काल रात्री काय जेवलात? आमटी-भात. कधी? सगळ्यांचं झाल्यावर, अकराला. भूक लागत नाही का तोवर? तर म्हणाली, "तांदूळ निवडता निवडता चार दाणे तोंडात टाकते ना. हल्ली सवयच लागलीय. कच्चे तांदूळ बरे वाटतात." आणि पर्समधून डबी काढून दाखवली. माझ्याच दवाखान्यातली, साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची प्लॅस्टिकची डबी. वर सासऱ्यांच्या नावाचं लेबल, आत काठोकाठ कच्चे तांदूळ. ऑफिसात ड्रॉवरमध्येही एक डबी असते, म्हणाली.

मग पाय. रात्री पडल्यावर पोटऱ्यांत शिवशिवतं, पाय हलवत राहिल्याशिवाय चैन पडत नाही. मग पाळी. "नेहमीसारखीच." नेहमीसारखी म्हणजे किती दिवस? नऊ. पॅड किती लागतात? "दोन-दोन एकावर एक लावते. ऑफिसात उठता येत नाही ना सारखं." गुठळ्या? पडतात. कधीपासून? गणपतीच्या आधीपासून. म्हणजे मागच्या वर्षीच्या गणपतीच्या. हे सगळं तिनं अशा आवाजात सांगितलं, जसं कुणी विजेचं बिल किती आलं ते सांगावं.

आमच्या रेपर्टरीत, म्हणजे लक्षणावरून औषध शोधायच्या कोशात, यातल्या प्रत्येक लक्षणाला जागा आहे. कच्चे तांदूळ, खडू, चुना असलं खाण्याची इच्छा म्हटलं की ॲल्युमिना हे औषध डोळ्यांसमोर येतं. पाय सतत हलवावेसे वाटणं म्हटलं की झिंकम. कुणी जवळ घेऊन समजूत काढली तर आणखी त्रास होणारी, एकटीच रडणारी बाई म्हटलं की नेट्रम मूर, म्हणजे आपल्या साध्या मिठापासून केलेलं औषध. विद्यार्थी असताना अशी केस मिळाली की वही भरून जायची. पण कच्चे तांदूळ खावेसे वाटणं आणि रात्री पाय शिवशिवणं यांना जोडणारं एक साधं कारण आहे, ते म्हणजे शरीरातलं लोह संपणं. खोलगट नखंही त्याचीच. मी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत लालीचा मागमूस नव्हता. नाडी ११२.

खाली लॅब आहे. रक्त द्यायला ती तयार झाली, पण पुड्या आधी बांधून घेतल्या.

दुपारी रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ६.४. बाईचं किमान १२ असायला हवं. ८ च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटना त्याला तीव्र ॲनिमिया म्हणते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना ॲनिमिया आढळला होता, त्यामुळे ९, १० हे आकडे आमच्या टेबलावर रोज येतात आणि कुणाला त्याचं काही वाटेनासं झालंय. पण ६.४ वर ही बाई स्कूटर चालवत होती, ऑडिटवाल्यांना फायली काढून देत होती आणि माझा जिना चढली होती. तब्येत हळूहळू उतरत गेली की शरीर सांभाळून घेत राहतं, आणि ज्यांना सांभाळून घेण्याचीच सवय आहे त्यांना ते कळत नाही.

मी फोन केला, आत्ता या, स्कूटर आणू नका, रिक्षानं या. ती स्कूटरवरूनच आली.

माझ्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी तोवर बोलणं झालं होतं. लगेच पाठवा, ॲडमिट करावं लागेल, रक्त द्यावं लागेल, सोबत कुणीतरी हवं. सुनंदा म्हणाली, "मी जाते ना. पाच मिनिटांवर तर आहे."

"एकट्या नाही जायचं. कुणाला बोलवायचं सांगा, मी फोन करते."

ती काही बोलेना. मी तिची ती एका पानाची फाईल काढली. वर छापलेलं आहे, 'जवळच्या नातेवाइकाचा फोन'. तिथे तिनं स्वतःच्या हातानं स्वतःचाच नंबर लिहिला होता.

त्यानंतरचा अर्धा तास मला अजून लख्ख आठवतो. तिनं मोबाइल काढला, नावं वर-खाली करत राहिली. त्यात अर्ध्या चिपळूणचे नंबर असतील. सगळे तिला मदतीसाठी फोन करणारे. शेवटी भावाला लावला, तो खेडला असतो.

"हॅलो बाळ्या, जेवलास का? पिंट्याचा ताप उतरला? क्रोसिन दे सहा तासांनी... नाही रे, सहजच केला. ठेवते." आणि ठेवला.

मी काहीच बोलले नाही. तिनं पुन्हा लावला. "अरे, मघाशी सांगायचं राहिलं, आईच्या डोळ्यांच्या तपासणीची तारीख मंगळवारची आहे. हो. बरं, ठेव." कपाळावर घाम. मी पाणी दिलं, ते टेबलावर तसंच राहिलं. बाईला भाषणं करता येत होती, पतसंस्थेच्या सभेत थकबाकीदारांना ती गप्प करायची. पण 'मला बरं नाही, ये' एवढं वाक्य तिच्या तोंडून निघत नव्हतं.

मी म्हटलं, "सुनंदाताई, लिहून देऊ का? वाचून दाखवा." प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर लिहिलं: बाळ्या, मला ॲडमिट व्हायचंय. तू ये. तिनं कागद हातात धरला, तिसऱ्यांदा फोन लावला आणि शाळेतल्या मुलीसारखं वाचलं. पलीकडे काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "हो. हो, मीच." आणि मग रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, समजूत काढली नाही. मिठाच्या औषधाच्या बायकांना ते सोसत नाही, हे आमचं जुनं शिक्षण मला इथे उपयोगी पडलं. दार लावून घेतलं आणि बाहेरच्या पेशंटना थांबायला सांगितलं.

भाऊ परशुराम घाट उतरून आला तेव्हा हेल्मेट काढायचंही विसरला होता.

सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे गाठी, निघाले. दोन पिशव्या रक्त चढवलं, मग शिरेतून लोह. होमिओपॅथीबद्दल इथे स्पष्ट लिहायला हवं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१५ साली उपलब्ध अभ्यास तपासून निष्कर्ष काढला की कुठल्याही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. ते मी वाचलंय आणि बाजूला सारलेलं नाही. वाहत्या रक्ताच्या बाईला मी पुड्यांवर ठेवत नाही, आणि कुणी ठेवत असेल तर तिथून उठून या, असं मी बायकांना सांगते. सुनंदाचं हिमोग्लोबिन रक्तानं आणि लोहानं वाढलं. नंतर मी तिला नेट्रम मूर दिलं, तिला हवं होतं म्हणून आणि ते चित्र तिच्याशी जुळत होतं म्हणून. त्यानं काय झालं असा दावा मी करणार नाही. ज्याची खात्री मी देऊ शकते ती गोष्ट वेगळी आहे: आमच्या पद्धतीत पेशंटला तासभर बसवायची रीत आहे. पाच मिनिटांच्या ओपीडीत ती तांदळाची डबी पर्समधून बाहेर आली नसती.

त्यानंतर ती दर पंधरवड्याला यायची, स्वतःसाठी. आम्ही एक काम ठरवलं होतं. प्रत्येक वेळी कुणाकडे तरी एक गोष्ट मागायची, आणि मागितल्यावर ती आपण पुन्हा करायची नाही. दुसरा भाग फार अवघड गेला. मुलीनं कपड्यांच्या घड्या घातल्या, हिनं रात्री उठून त्या मोडून परत घातल्या. ऑफिसात रजेचा अर्ज दिला आणि घरून चार वेळा फोन करून व्हाउचर कुठे आहेत ते सांगितलं. मग एके दिवशी सासऱ्यांना म्हणाली, "अण्णा, तेवढे तांदूळ निवडाल का?" अण्णांनी चष्मा लावला, सूप मांडीवर घेतलं आणि दोन किलो निवडून ठेवले. आता रोज विचारतात, आज काय निवडायचंय. त्यांच्या खोकल्याच्या तक्रारीही कमी झाल्यात, आणि यात माझ्या पुड्यांचा वाटा किती असेल याबद्दल माझं मत मी राखून ठेवते.

एका बैठकीत ती वडील गेले त्या दिवसांबद्दल बोलली. तेराव्याला सगळे नातेवाईक जेवून गेले आणि जाताना प्रत्येक जण तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, आता तूच घरातली मोठी. "कुणी विचारलं नाही, मला जमेल का," ती म्हणाली. पंधरा वर्षांची होती. तिचा राग मी पहिल्यांदा ऐकला, मोठ्या आवाजातला. मला तो ऐकून बरं वाटलं. मी तिला समुपदेशकाचाही पत्ता दिलाय. इतक्या जुन्या गोष्टी एकट्या माझ्या खोलीत उलगडणार नाहीत. दोनदा जाऊन आलीय.

मागच्या तपासणीत हिमोग्लोबिन ११.१ होतं. कच्च्या तांदळाची इच्छा लोह सुरू झाल्यावर थोड्या आठवड्यांत गेली, पाय रात्री शांत असतात. पाळीचा त्रास औषधांनी कमी झालाय, पण फायब्रॉइड मोठे आहेत, त्यामुळे ऑपरेशन शिमग्यानंतर करायचं ठरलंय. नवरा रजा काढून येतोय. रजा कशाला फुकट घालवता, असं ती त्याला म्हणालीच. त्यानं तिकीट काढून टाकलं होतं. परवा आली तेव्हा विचारत होती, ऑपरेशनपर्यंत लोहाच्या गोळ्या चालू ठेवायच्या ना? हो, चालू ठेवायच्या, त्यावर लिंबूपाणी घ्यायचं, आणि चहा तासभर नाही. चहाचं तिला पटलेलं नाही अजून.