पांढऱ्याकडे बघ

१९ जुलै, गणपतीपुळे. रात्रीचे सव्वाअकरा.

दुपारपासून पाऊस नुसता ओततोय. दर्शन झालं, प्रदक्षिणा राहिली. इथे प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला घालायची असते, आणि वहिनी म्हणाली, "बाप्पा समजून घेईल, तुम्ही आधी पोराचं डोकं पुसा." मुकाट्याने लॉजवर परत आलो.

लॉजच्या मागच्या पडवीत एक पूल टेबल आहे. कापड दोन ठिकाणी फाटलेलं, त्यावर चिकटपट्टी. काठ्या चार, त्यातली सरळ एक. पुतण्या तेरा वर्षांचा आहे. हा खेळ तो मोबाईलवर जेवताना खेळतो, गाडीत खेळतो, पांघरुणात खेळतो. खरं टेबल आज पहिल्यांदा बघितलं. काठी घेतली, वाकला, एक डोळा मिटला आणि तसाच मान वळवून मला विचारतो, "काका, रेष कुठाय?"

मला आधी कळलंच नाही. मोबाईलमध्ये नेम धरला की पांढऱ्यापासून, म्हणजे काठीने मारायच्या बॉलपासून, पुढे एक रेष उमटते, कुठला बॉल कुठे जाणार ते मारायच्या आधीच दिसतं. म्हटलं, "इथे रेष नसते रे."

"मग कळणार कसं?"

आता सगळे झोपलेत आणि मी वही काढून बसलोय.

२००० सालचा मार्च. दहावीचा शेवटचा पेपर देऊन रत्नागिरीच्या रस्त्यावर मोकळा सुटलो होतो. आतेभाऊ, माझा दादा, दोन वर्षांनी मोठा, कॉलेजात जाणारा, त्यामुळे माझ्या दृष्टीने जगातलं सगळं माहीत असलेला. म्हणाला, "चल, तुला गंमत दाखवतो." मिरकरवाड्याच्या बाजूला एका गल्लीत आंब्याची वखार होती. निम्म्या वखारीत पेट्या आणि भाताचा पेंढा, उरलेल्या निम्म्यात, दोन ट्यूबलाइटींच्या खाली, हिरवंगार टेबल. त्या वासात पिकत घातलेला हापूस होता, बंदराकडची सुकी मासळी होती आणि विड्यांचा धूर होता. आजही कुठे आंब्याची पेटी उघडली की मला आधी हिरवं कापड दिसतं आणि मग आंबा.

टेबल चाचांचं. चाचा वीसेक वर्षं बोटीवर होते, मालवाहू जहाजावर. बंदराबंदरांत खलाशांसाठी क्लब असतात, तिथे शिकले. मी एकदा शहाणपणाने विचारलं, बोटीवर टेबल नसायचं का? ते माझ्याकडे बघतच राहिले. "बोट हलते रे बाबा." बोट सोडून घरी आल्यावर त्यांनी मुंबईहून हे जुनं टेबल आणलं. कापडाला ते बनात म्हणायचे. बनातीखाली लाकूड नसून दगडाची लादी असते हे मला त्यांनी बोटाच्या पेरांनी ठोकून ऐकवलं. ट्रकमधून उतरवायला आठ माणसं लागली होती म्हणे.

आम्ही कॅरमवर वाढलेली पोरं. सुट्टीत दुपारभर कॅरम, बोरिक पावडरने चड्डीपर्यंत पांढरे. कॅरममध्ये माणूस बसल्या जागी असतो. ढुंगण जरा हललं की समोरचा ओरडतो. आणि इथे चाचा टेबलाभोवती निवांत हिंडत होते, देवळात फिरावं तसे. एका कोपऱ्यातून बघायचे, दुसऱ्या कोपऱ्यातून बघायचे, मग परत पहिल्या. मला ते हिंडणंच आधी आवडलं. खेळ नंतर.

माझा पहिला फटका सांगण्यासारखा आहे. दादाने पंधरा बॉल तिकोनात लावले, आठ नंबरचा काळा मध्ये. मी कॅरमच्या हिशेबाने, म्हणजे मनगटात असेल नसेल तेवढा जोर काढून, मारलं. काठीचं टोक पांढऱ्याच्या पार खाली लागलं, पांढरा टेबलावरून उडाला आणि थेट उघड्या पेटीत. पेंढ्यातून चाचपडून काढावा लागला. चाचांनी पेटीतला चेपलेला आंबा शोधला, पुसला आणि माझ्या हातात ठेवला. "खा. त्याचे पैसे गेमच्या पैशात धरतो."

एका गेमचे पाच रुपये, हरेल त्याने द्यायचे. पहिले दहा-बारा दिवस सगळे मीच दिले. मामाने परीक्षेला दिलेली पन्नासाची नोट संपली, आईच्या डब्यातली चिल्लर संपली, मग चाचांशीच सौदा केला. पाच डझनी दहा पेट्या पेंढा घालून नीट भरायच्या, एक गेम फुकट. एप्रिलभर मी रत्नागिरी हापूस भरत होतो. देठ खाली, देठ वर, कच्चा कुठे, तयार कुठे, सगळं आलं. घरी वाटलं पोरगा कामाला लागला.

आणि त्या खेळाचं नाव! आई विचारायची, "कुठे होतास रे?"

"पूल खेळत होतो."

"पुलावर? कुठल्या, भाट्याच्या? मेल्या, तिथे गाड्या काय धावतात, आणि तू खेळतोस कसला पुलावर?"

दोन दिवस तिने ही गोष्ट अख्ख्या वाडीला सांगितली. त्यात भर म्हणजे डावा हात टेबलावर टेकवून, बोटांची जी खाच करून त्यावर काठी ठेवतात, तिला म्हणतात ब्रिज. म्हणजे पूल खेळायला पूल लागतोच. माझा पूल पहिले काही आठवडे गदगदा हलायचा. अंगठा तर्जनीला चिकटवून वर उचलायचा, तळहाताची कड खाली घट्ट, एवढंच, पण बोटांना टिचकीची सवय. उजवा हात काठी मागे-पुढे नेतोय आणि डाव्या हाताची बोटं आपली टिचकी मारायला शिवशिवतायत.

टेबलाच्या एका लांब बाजूला पेट्यांची थप्पी होती. त्या बाजूने मारायचं तर काठी मागे ओढायला जागाच नाही. चाचांनी त्यासाठी एक काठी निम्म्यावर कापून ठेवली होती. आम्ही तिला आखूड म्हणायचो. "आखूड दे" हे वाक्य मी नंतर पुण्यात एका वातानुकूलित पार्लरमध्ये सवयीने बोललो आणि चार जण हसले.

खरी गंमत एप्रिलच्या शेवटी झाली. दुपारची वेळ, कोणी नाही. चाचांनी एक बॉल कोपऱ्यातल्या पॉकेटच्या सरळ रेषेत ठेवला, मागे हातभर अंतरावर पांढरा. म्हणाले, "मार." मारलं. बॉल गेला. मी खूश. चाचा म्हणाले, "पांढऱ्याकडे बघ." पांढरा बॉलच्या मागोमाग गडगडत जाऊन पॉकेटच्या तोंडाशी उभा होता.

"आता पुढचा बॉल कुठून मारशील?"

मग त्यांनी तेच परत मांडलं आणि स्वतः मारलं. फार जोर नाही. पांढऱ्याच्या मध्याच्या बोटभर खाली. बॉल पॉकेटात गेला, आणि पांढरा, धडक बसली तिथेच, जागच्या जागी थांबला. खिळा ठोकल्यासारखा. थरथरलासुद्धा नाही. मी वाकून बघितलं, की कापडात काही खाच आहे का.

कॅरममध्ये असं होत नाही. तिथे स्ट्रायकर पंधरा ग्रॅमपर्यंत आणि सोंगटी पाचेक ग्रॅमची. समोरासमोर मारलं की स्ट्रायकर सोंगटीमागून जातोच, भारी वस्तू थांबत नाही. आणि गेला कुठेही तरी काय फरक पडतो? पुढच्या फटक्याला तो परत आपल्या हातात, परत आपल्याच रेघेवर. इथे सगळे बॉल एका वजनाचे. पांढरा घसरत जाऊन सरळ धडकला, गडगडत नव्हे, तर त्याचा सगळा वेग पुढच्याला जातो, आणि त्याच्याकडे काहीच उरत नाही. आणि तो जिथे थांबेल तिथूनच पुढचं मारायचं. कोणी उचलून परत देत नाही.

त्या दुपारी मी तो एकच फटका तासभर मारला. पहिले सगळे चुकले. एकदा जमला तेव्हा मीच दचकलो. बहुधा तिथेच मी या खेळाच्या नादी लागलो, ब्रेकच्या, म्हणजे तिकोन फोडणाऱ्या पहिल्या फटक्याच्या, आवाजामुळे नाही, जिंकल्यामुळे तर नाहीच. एक गोल वस्तू थांबली म्हणून.

अकरावीला फिजिक्सच्या सरांनी फळ्यावर दोन गोल काढले. सारखं वस्तुमान, एक स्थिर, समोरासमोर टक्कर, वेगांची अदलाबदल. वर्ग जांभया देत होता. मी हात वर करून विचारलं, "सर, आणि कडेला लागला तर दोघं काटकोनात जातात ना?" सरांनी मला पहिल्यांदा आणि शेवटचं कौतुकाने पाहिलं. कुठे वाचलंस विचारलं. वखारीत, असं सांगवेना.

बाबांना हे सगळं मे महिन्यात कळलं. त्यांच्या लेखी काठी, धूर आणि पैसे जिथे एकत्र तो अड्डा. मी चाचांकडून ऐकलेलं पुढे केलं, की पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. स्वतंत्र भारताचा कुठल्याही खेळातला पहिला वैयक्तिक जगज्जेता काठीनेच खेळणारा होता! स्नूकर तर जबलपूरला इंग्रजांच्या छावणीत जन्मलं. १८७५ साली. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "त्या जोन्सना दहावीला किती पडले होते?"

निकालाला महिना होता. बोलण्यासारखं काही नव्हतं.

(बिलियर्ड्समध्ये तीनच बॉल असतात आणि आमच्या खेळाशी त्याचा चुलत संबंध, हे मी बाबांना सांगितलं नाही. वकिली होती ती.)

दिवसाआड चोरून जाणं चालूच राहिलं. पहिला गेम कधी जिंकलो ते खरंच आठवत नाही. हरलेला एक मात्र डोळ्यांसमोर आहे. दादा समोर. माझ्या वाट्याचे पट्टेवाले बॉल सगळे गेले होते, फक्त शेवटी घालायचा काळा राहिला होता, मधल्या पॉकेटच्या तोंडाशी. आंधळ्यानेही घातला असता. घातला. मी काठी वर उचलली, दादाने कपाळाला हात लावला, आणि मागे चाचा हळूच म्हणाले, "पांढऱ्याकडे बघ." पांढरा कड घासून, दोन कुशनना, म्हणजे टेबलाच्या काठांना, लागून, पावलापावलाने पलीकडच्या कोपऱ्याकडे चालला होता. कुठे घाई नाही. पॉकेटच्या ओठावर क्षणभर अडला आणि पडला. काळ्याबरोबर पांढरा गेला की गेम गेला. पाच रुपये मी दिले.

मग पाऊस आला. आंबा संपला, थप्पी गेली, आखूड काठीचं काम संपलं. वाटलं आता खरा खेळ. पण कोकणातला पाऊस भिंतीतून आत येतो. बनात ओल धरायला लागली. बॉल चिखलात चालल्यासारखे, चॉक भिजल्या खडूसारखा मऊ, टोकाचं चामडं फुगलेलं. चाचांनी टेबलाखाली शंभरचे तीन बल्ब लावून ठेवले, रात्रंदिवस. संध्याकाळी कोमट इस्त्री एकाच दिशेने फिरवायचे, एखाद्या नवरीच्या शालूवर फिरवावी तशी. विजेच्या बिलावरून चाचीची बोलणी खायचे. मोठ्या स्पर्धांत स्नूकरची टेबलं खालून गरम ठेवतात, हे मला पुढे कधीतरी कळलं. चाचांना कोणी सांगितलं नव्हतं, किंवा बोटीवरच्या दिवसांत कुठेतरी पाहिलं असेल. विचारायचं राहून गेलं.

रेषेचं सांगायचं राहिलं, मुख्य तेच होतं. कोनातला बॉल मला घेताच यायचा नाही. कुठे लावायचा ते दिसायचंच नाही. चाचांनी पेंढ्यातून भाताची एक काडी ओढली. पॉकेटच्या मध्यापासून बॉलच्या मध्यावरून मागे जाईल अशी बनातीवर ठेवली. "बॉलच्या मागे, या काडीवर, पांढरा येऊन टेकला पाहिजे. तिथे दुसरा पांढरा बसलाय असं समज. त्याच्या जागेवर हा नेऊन ठेव." पाच-सहा वेळा काडीसकट मारायला लावलं. मग काडी उचलली आणि फुंकर मारून पेंढ्यात टाकली. "आता आहे असं समजून मार."

आज पुतण्याला हेच दाखवायचं होतं, पण जुलैत पेंढा कुठला? पडवीच्या कोपऱ्यात खराटा होता, त्यातला एक हीर उपसला. कापडावर ठेवला. पोरगा आधी हसला. तिसऱ्या फटक्याला बॉल गेला तेव्हा तो हसायचा थांबला, आणि न सांगता हीर स्वतः उचलून दुसऱ्या बॉलमागे ठेवला. मग वाकून, त्याच्यावर डोळा धरून, कितीतरी वेळ नुसताच बघत राहिला. मोबाईल चटईवर पालथा पडला होता.

मग मला हुशारी सुचली. म्हटलं, आता बघ, काका पांढरा जागेवर थांबवतो. सरळ बॉल मांडला, मध्याच्या जरा खाली मारलं. बॉल गेला. पांढरा थांबला नाही. वीतभर पुढे गेला. दुसऱ्यांदाही तसाच. ओल्या कापडावर तो घसरायच्या आतच गडगडायला लागतो, हे कारण मला चांगलं माहीत आहे, पण तेरा वर्षांच्या मुलाला ते बहाणा वाटलं. "काका, मोबाईलवर थांबतो."

उद्या दुपारपर्यंत इथेच आहोत. सकाळी लॉजवाल्याला विचारायचं, टेबलाखाली रात्रभर बल्ब ठेवला असता तर काही हरकत होती का. पण त्याच्याकडे सगळे एलईडी असणार. त्याने काय कापड सुकतंय. इस्त्री मात्र वहिनीने आणली आहे, बॅगेत आहे. ती उठायच्या आधी घ्यावी लागेल.