दोन चालींचा हिशेब

आज बुद्धिबळाच्या पटावर चारच मोहरे आहेत. (घराच्या नावात अक्षर उभ्या पट्टीचं, आकडा आडव्या ओळीचा.) पांढरा राजा एच८, पांढरं प्यादं सी६, काळा राजा ए६, काळं प्यादं एच५. पांढऱ्याने खेळायचं आणि डाव बरोबरीत सोडवायचा. बुद्धिबळपटू रिचर्ड रेटीची १९२१ मधली ही रचना. उत्तर पाठ असूनही ती दर वेळी तितकाच आनंद देते, कारण तिच्यातलं सगळं सौंदर्य मोजून दाखवता येतं.

आधी चौकोन आखायचा. एच५ वरच्या प्याद्याला शेवटच्या ओळीत पोचून वजीर व्हायला चार चाली लागतात, म्हणून त्याचा चौकोन एच५, एच१, डी१, डी५. पांढऱ्याची चाल असताना राजा एका पावलात या चौकोनात शिरला तरच प्यादं सापडतं. तो सहाव्या ओळीत असता तर जमलं असतं. आहे आठव्या ओळीत. थोडक्यात, दोन चालींचा उशीर. उलट काळ्या राजाला सी६ चं प्यादं मारायला दोनच चाली पुरतात. वरवर पाहता पांढरा संपला.

१. राजा जी७, एच४. २. राजा एफ६, राजा बी६. ३. राजा ई५!

या ई५ वर बराच वेळ थांबावं. इथून आपल्या प्याद्याला आधार देणारं डी६ एका पावलावर, आणि एच४ वर आलेल्या प्याद्याचा चौकोनही एका पावलावर. ई६ वर गेलं तर काळा सी६ मारतो आणि चौकोन हाताबाहेर जातो. एफ५ वर गेलं तर काळा एच३ खेळतो, आणि डी६ दोन पावलं लांब राहतं. दोन्ही कामं एकाच घरातून होतात, ते घर ई५.

आता ३...राजा सी६ मारतो (टिंबं म्हणजे काळ्याची चाल), तर ४. राजा एफ४, एच३ ५. राजा जी३, आणि प्यादं पडलं. ३...एच३, तर ४. राजा डी६, एच२ ५. सी७, राजा बी७ ६. राजा डी७, दोघांचेही वजीर, बरोबरी. काळ्याने दुसऱ्याच चालीला एच३ खेळलं तरी ३. राजा ई७, एच२ ४. सी७, राजा बी७ ५. राजा डी७ पुरतं.

पट फसवतो तो इथे. एच८ वरून एच२ ला सरळ उतरलं तर सहा चाली. जी७, एफ६, ई५, एफ४, जी३, एच२ असा वळसा घेतला तरी सहाच! डोळ्यांना तिरकं अंतर लांब दिसतं, राजाला ते लांब नसतं. वळशाची किंमत शून्य, आणि वाटेत काळ्याला बी६ आणि सी६ या दोन चाली खर्चाव्या लागतात. उशीर नेमका दोनच चालींचा होता.

घाई मात्र चालत नाही. पहिलीच चाल सी७ केली, तर काळा बी७ आणि सी७ असा दोन चाली खर्चतो खरा, पण पांढऱ्यानेही एक खर्चलेली असते. निव्वळ मिळकत एक, म्हणून हार. काळा राजा ए६ ऐवजी बी६ वर ठेवून पाहा: प्यादं एका चालीत मरतं आणि सगळी रचना कोसळते. शिकवताना ही तुलना जरूर दाखवावी. मुलांना उत्तरापेक्षा त्यातून जास्त कळतं.

१८९५ ची साव्हेद्राची चालही याच जातीची. ग्लासगोत राहणाऱ्या या स्पॅनिश धर्मगुरूने, बरोबरी म्हणून छापलेल्या स्थितीत विजय दाखवला. पांढरा राजा बी६, प्यादं सी६; काळा राजा ए१, हत्ती डी५. १. सी७, हत्ती डी६ शह. २. राजा बी५! सी५ वर गेलं तर हत्ती डी१, मग सी१ वरून राजाला शह देऊन मागचा नवा वजीर मारतो. बी७ वर गेलं तर हत्ती डी७ वरून प्यादं बांधून टाकतो; ते हललं तर राजा शहात येतो. पुढे हत्ती डी५, डी४, डी३ वरून शह देत राहतो; राजा बी४, बी३ आणि मग सी२. आता डी१ वर राजाचा पहारा. काळ्याचा शेवटचा सापळा ५...हत्ती डी४: वजीर केला की हत्ती सी४ शह, वजिराने मारलं की स्टेलमेट, म्हणजे काळ्याला शह नाही पण चालही नाही, बरोबरी. म्हणून ६. सी८ वर हत्ती! ए८ वरून मात येणार, म्हणून काळ्याला हत्ती ए४ करावंच लागतं. मग ७. राजा बी३: सी१ वर मातही आणि ए४ वरचा हत्तीही. दोन्ही धमक्या एकदम थोपवणारी चाल काळ्याकडे नाही.