कोल्डप्लेचं तिकीट मिळालं, पण दोन महिन्यांनी

नाटकाचं सोपं असतं. शनिवार-रविवारचा पेपर उघडला की जाहिरातींत कुठलं नाटक, कुठल्या नाट्यगृहात, किती वाजता हे सगळं एका चौकटीत दिसतं. सवाई गंधर्व महोत्सवाचं त्याहून सोपं. डिसेंबर आला की मुकुंदनगरला मांडव पडणार, हे पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही. परदेशी बँड येणार असेल तर मात्र असं एक ठिकाण नाही. पेपरात बातमी येते तीच मुळी तिकिटं संपल्याची.

कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड मी कॉलेजपासून ऐकते. नोव्हेंबर 2016 मध्ये ते बीकेसीच्या एमएमआरडीए मैदानावर ग्लोबल सिटिझन फेस्टिव्हलमध्ये वाजवून गेले, तेव्हा मुलगा तान्हा होता. जाण्याचा प्रश्नच नव्हता. पुन्हा येतील तेव्हा बघू म्हटलं आणि आठ वर्षं गेली.

गणपती विसर्जन होऊन दोनच दिवस झाले होते. 19 सप्टेंबर 2024, गुरुवार. भाचीचा मेसेज आला, ‘मावशी, येतायत! 18 आणि 19 जानेवारी, डी. वाय. पाटील. रविवारी बारा वाजता विक्री.’ डी. वाय. पाटील म्हणजे नवी मुंबईत नेरुळचं स्टेडियम. म्हणजे घोषणा आणि विक्री यांच्यात जेमतेम तीन दिवस. या तीन दिवसांत तारीख ठरवायची, सुट्टीचं बघायचं, पैशांची सोय करायची. तिकिटं अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती. हिला कळलं कुठून? तर बँडच्या इन्स्टाग्रामवर तिनं घंटी लावून ठेवली होती, म्हणजे नवी पोस्ट पडली की फोन वाजणार. मी पेपरवर विसंबून राहिले असते तर सोमवारी कळलं असतं.

पितृपंधरवड्यात लोक खरेदी करत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी त्या रविवारची रांग बघायला हवी होती. बारा वाजायच्या आधीच तिकीटविक्रीचं ॲप गपकन बसलं. परत उघडलं तेव्हा माझ्यापुढे काही लाख माणसं होती. भाची तिच्या घरी, मी माझ्या घरी, दोघींच्या हातात फोन, आणि आकडा गोगलगायीच्या चालीनं खाली येतोय. या आभासी रांगेबद्दल एक गोष्ट मला नंतर समजली. अशा मोठ्या विक्रीत आधी ‘वेटिंग रूम’ असते आणि विक्री सुरू होते त्या क्षणी तिथे असलेल्या सगळ्यांना बहुधा चिठ्ठ्या टाकल्यासारखे क्रमांक दिले जातात. त्यामुळे पहाटेपासून ठाण मांडून बसण्यात काही हशील नाही. बाराच्या आधी थोडा वेळ आत असलं की पुरे. त्याच दुपारी 21 जानेवारीचा तिसरा शो जाहीर झाला, आम्ही पुन्हा रांगेत, पुन्हा तेच. संध्याकाळी बहीण म्हणाली, ‘अगं, टीव्हीवर दाखवतील.’ आम्ही दोघी तिच्याशी रात्रीपर्यंत बोललो नाही.

त्यानंतरचे दिवस चीड आणणारे होते. काल अडीच हजारांना असलेलं तिकीट पुनर्विक्रीच्या साइटवर कैक पट किमतीला. प्रकरण मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत गेलं. भाचीच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर रोज कुणी ना कुणी ‘माझ्या ओळखीच्याकडे दोन आहेत’ असं टाकायचं. तिकीट कुणाच्या नावावर आहे, मूळ मेल दाखवणार का, असं विचारलं की पलीकडे शांतता. मी भाचीला निक्षून सांगितलं, ओळखीच्या ओळखीच्याला एक रुपया पाठवायचा नाही.

पण पहिल्या रविवारी हुकलं म्हणजे संपलं, असं नसतं. हे आम्हाला कळलं ते बँडच्या स्वतःच्या वेबसाइटमुळे. तिथे ईमेल नोंदवला की दौऱ्यातले बदल थेट त्यांच्याकडून कळतात. नोव्हेंबरमध्ये अहमदाबादचा शो जाहीर झाला, 25 जानेवारी, नरेंद्र मोदी स्टेडियम. पाठोपाठ 26 तारीखही आली. आणि त्याच सुमारास ‘इन्फिनिटी तिकिटां’ची माहिती आली. हा प्रकार आमच्या ओळखीत कुणालाच माहीत नव्हता. या दौऱ्यात कोल्डप्ले प्रत्येक शोची थोडी तिकिटं सुमारे वीस युरोंना, म्हणजे आपल्याकडे दोन हजार रुपयांना, मागाहून विकत होतं. एका माणसाला दोनच, आणि ती जोडीनंच घ्यायची. जागा कुठली ते आधी सांगत नव्हते. कार्यक्रमाच्या दिवशी खिडकीवर तिकीट हातात पडेल तेव्हा कळणार: अगदी मागची रांगही असू शकते आणि स्टेजसमोरचं मैदानही.

विक्री 22 नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता. शुक्रवार. दुसऱ्या दिवशी विधानसभेचा निकाल, त्यामुळे ऑफिसात सगळे आकडेमोडीत गुंग. माझ्या फोनकडे कुणाचं लक्ष नव्हतं. या वेळी आम्ही तयारीनं बसलो. ॲपमध्ये आधीच लॉग-इन केलेलं, पत्ता भरलेला. पैसे एकाच खात्यात आणि यूपीआयचा पिन पाठ. ऑफिसचं वायफाय बंद, फोनचा डेटा सुरू. शनिवार-रविवार सोडून मंगळवारचा 21 जानेवारीचा शो निवडायचा हे भाचीचं डोकं. कामाच्या दिवशी लांबून येणारे कमी, म्हणून तिकडे गर्दी जरा पातळ असेल, असा तिचा हिशोब. तो खरा होता की आमचं नशीब, सांगता येत नाही. पैसे भरायचं पान उघडलं, घड्याळ उलटं पळायला लागलं, माझ्या बोटांना घाम. ‘बुकिंग कन्फर्म’ दिसल्यावर मी जिन्यात जाऊन तिला फोन लावला. ‘मावशी, स्क्रीनशॉट काढ आधी, मग रड,’ म्हणाली.

21 तारखेला पुण्याहून बसनं नेरुळच्या एलपी स्टॉपला उतरलो. खिडकीवर ओळखपत्र दाखवलं, पाकीट हातात आलं. वरच्या मजल्यावरची जागा, स्टेजच्या थोडी बाजूला. मैदानात उभं राहायला मिळेल ही भाचीची आशा गेली, पण डी. वाय. पाटीलचं छत खांबांशिवाय उभं आहे, त्यामुळे आडवं काही येत नाही. आणि प्रेक्षकांना मनगटावर बांधायला दिलेले दिव्यांचे हजारो पट्टे एकदम पेटतात ते वरूनच जास्त चांगलं दिसतं, हे माझं ठाम मत. (ते पट्टे जाताना परत द्यायचे असतात. भाचीचा जीव तुटला, पण दिला तिनं.)

या सगळ्यातून जे हाती लागलं ते सांगते, कारण तेव्हापासून मला ओळखीचे लोक विचारत असतात. आपल्याकडे मोकळ्या मैदानातले मोठे कार्यक्रम पावसाळा टाळून होतात. साधारण नोव्हेंबर ते मार्च. अपवाद असतात, गन्स एन’ रोझेस हा अमेरिकी बँड मे 2025 मध्ये मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर येऊन गेला. पण हंगाम हा असल्यामुळे ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत डोळे उघडे ठेवायचे. दुसरं, कलाकाराच्या आशियातल्या तारखा बघायच्या. इतकं सामान घेऊन कुणी एका शोसाठी अर्धं जग ओलांडत नाही. कोल्डप्लेच त्या जानेवारीत 9 ते 14 अबू धाबीत होते, मग मुंबई, मग अहमदाबाद. एखाद्याचं आखात किंवा सिंगापूर जाहीर झालं आणि आजूबाजूला रिकामा आठवडा दिसला की माझे कान टवकारतात. बहुतेक वेळा त्यातून काही निघत नाही, हेही खरं.

बँड्सइनटाउन आणि साँगकिक ही ॲप्स याच कामाची. आवडते कलाकार निवडायचे, शहर टाकायचं, तारीख लागली की ती कळवतात. मी शहरं दोन टाकली आहेत, पुणे आणि मुंबई. मात्र बँकांची भानगड या ॲप्सवर नेहमी दिसेलच असं नाही. हल्ली सर्वांसाठी विक्री उघडण्याआधी ठरावीक बँकेच्या कार्डवाल्यांना आधी संधी देतात. दिलजित दोसांझच्या 2024 च्या दौऱ्यात तसंच होतं. गाणं ऐकायला क्रेडिट कार्ड लागावं हे मला मुळीच पटत नाही. पण घरात कुणाकडे कुठलं कार्ड आहे, याची यादी मी करून ठेवली आहे. मेव्हण्यांचं कार्ड आजवर फक्त पेट्रोलला वापरलेलं. त्यांना अजून कल्पना नाही.

ब्रिटिश गायक एड शीरनच्या 2025 च्या भारत दौऱ्याची सुरुवात 30 जानेवारीला चक्क पुण्यात झाली. त्याची खबर मला भाचीच्या आधी लागली. मीच तिला मेसेज केला, तर उत्तर आलं, ‘मावशी, त्या आठवड्यात परीक्षा आहे. तू काकांना घेऊन जा.’ काका, म्हणजे आमचे हे, पहिल्या अर्ध्या तासातच विचारते झाले, ‘हा एकटाच वाजवतो का? बाकीचे कधी येणार?’