एका हाताने बांधायचा बूट

मागणी एका ओळीत मावणारी होती. पक्षाघातानंतर डाव्या हाताची पकड गेलेल्या माणसाला बसल्या जागी, फक्त उजव्या हाताने, कुणाची मदत न घेता घालता आणि घट्ट करता येईल असा बूट हवा. डाव्या पायाला घोटा सावरणारा प्लास्टिकचा आधार, म्हणजे एएफओ, असतो आणि तोही बुटाच्या आतच बसायला हवा. संध्याकाळपर्यंत पाऊल थोडं सुजतं, त्यामुळे सकाळचं माप दुपारनंतर चालत नाही. घट्ट करायला दहा सेकंदांहून जास्त लागू नयेत, अशी अपेक्षा होती. नमुन्याची जोडी चाचणीच्या मेजावर आली तो दिवस मला इथे सविस्तर लिहायचा आहे, कारण बूट बांधण्याच्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्या एका दिवसात एकामागून एक समोर आल्या.

गाठीचा विचार सुरुवातीलाच बाजूला ठेवला होता. एका हाताने सुरगाठ मारता येते, पण सरावाने, आणि ती टिकेलच असं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या अभियंत्यांनी २०१७ साली दाखवून दिलं, की पाऊल जमिनीवर आपटण्याचे धक्के गाठ सैल करतात आणि पाय पुढे झुलताना नाडीची मोकळी टोकं तिला ओढून सोडवतात. म्हणून नमुन्यात एकाच टोकाची नाडी होती. एक टोक चवड्याजवळ पक्कं शिवलेलं, तिथून नाडी नागमोडी वर येते आणि दुसरं टोक हातात राहतं. ते ओढलं की बूट आवळला जावा, एवढीच अपेक्षा.

पहिली चाचणी साधी होती. बूट लास्टवर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर चढवला. हातात येणाऱ्या टोकाला स्प्रिंगचा ताणकाटा लावला, आणि खालची शिवण उसवून त्या टोकाला दुसरा काटा जोडला. वरून ५० न्यूटनने ओढलं, म्हणजे साधारण पाच किलोच्या वजनाइतकं. खालचा काटा जेमतेम हलला.

याचं गणित जुनं आहे. दोर खुंटाला वळसा घालून जातो तेव्हा दोन्ही बाजूंच्या ताणाचं गुणोत्तर घर्षणांक आणि वळणाचा कोन यांच्या गुणाकारावर घातांकी पद्धतीने वाढतं. आमच्या बुटात छिद्रांच्या तीन जोड्या होत्या, म्हणजे पक्कं टोक सोडून पाच वळणं, प्रत्येक साधारण १५० अंशांचं. चामड्याच्या छिद्रातून विणलेली चपटी नाडी जाते तेव्हा घर्षणांक ०.३ धरला, तर पाच वळणांनंतर ताण जवळपास पन्नासपटीने घटतो. वर पाच किलो, तर खाली शंभर ग्रॅम. नेहमीच्या बुटात हे जाणवत नाही, कारण आपण दोन्ही हातांची बोटं घालून प्रत्येक आडवा पदर वेगळा खेचतो आणि मग गाठ मारतो. एका हाताच्या माणसाकडे ती सोय नाही. तो जोर लावतो, घोट्याजवळ नाडी रुतते आणि चवडा सैलच राहतो.

छिद्रं मोठी आणि गोलाई जास्त ठेवली की नाडी सहज सरकेल, अशी एक समजूत आहे. मऊ दोराच्या बाबतीत ती खरी नाही. त्या सूत्रात त्रिज्या कुठेच येत नाही, येतो तो फक्त कोन. मोठ्या गोलाईने दोर कमी झिजतो, ताण मात्र तेवढाच हरवतो. कमी करायचा तो घर्षणांक, नाहीतर वळणं. वळणं कमी केली की पावलावरचा दाब दोनच जागी एकवटतो, म्हणून घर्षणांक धरला.

छिद्रं काढून त्यांच्या जागी पीओएम प्लास्टिकच्या वक्र नळ्या बसवल्या. आतली वाट ३ मिलिमीटरची आणि तोंडं दोन्हीकडे तुतारीसारखी उघडी, म्हणजे दोर कडेवर घासत नाही. पीओएम निसरडा असतो आणि पाणी फारसं शोषत नाही, पण त्याला डिंक धरत नाही. त्यामुळे नळी चिकटवायच्या भानगडीत पडू नये. नायलॉनच्या पट्टीच्या घडीत ती घालावी आणि घडीच्या दोन्ही बाजूंनी शिवण मारावी. नाडीच्या जागी १.८ मिलिमीटरचा यूएचएमडब्ल्यूपीई, म्हणजे फार लांब रेणूंच्या पॉलिथिलीनच्या, धाग्याचा गोल दोर आला. मासेमारीचे आणि शिडाच्या बोटींचे काही दोर याच धाग्याचे असतात. घर्षणांक ०.१ च्या आसपास आला की तेच पाच वळसे ताण पन्नासऐवजी पावणेचारपटीनेच घटवतात. पुन्हा ५० न्यूटनने ओढलं तेव्हा खालचा काटा १३ च्या वर गेला.

या धाग्याच्या दोन खोडी आधीच माहीत असाव्यात. तो साधारण १४५ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून टोक नुसतं लायटरने जाळलं तर गोळा होतो आणि तो पुढे तुटून पडतो. टोक शिवून किंवा नळीत दाबून बंद करावं. आणि साधी गाठ त्यावर टिकत नाही, सरकते. खालचं टोक आठाच्या गाठीने अडवून, पुढे निदान ३० मिलिमीटर शेपूट ठेवून शिवलं.

बारीक दोराने एक नवा प्रश्न आणला. पावलाच्या वरच्या बाजूला मांस कमी असतं. कातडीखाली लगेच स्नायूबंध, एक शीर आणि एक धमनी. ताण भागिले त्रिज्या म्हणजे लांबीच्या प्रत्येक मिलिमीटरवरचा भार. ताण ४० न्यूटन आणि पावलाच्या उंचवट्याची त्रिज्या ४० मिलिमीटर असेल, तर दर मिलिमीटरला १ न्यूटन. तो ३ मिलिमीटर रुंदीवर पडला तर दाब ३३० किलोपास्कलच्या पुढे जातो. तोच २५ मिलिमीटरवर पसरला तर ४०. म्हणून बुटाची जीभ बदलावी लागली: वर १ मिलिमीटरचं लवचीक प्लास्टिक, खाली ५ मिलिमीटर फोम, आणि प्लास्टिकच्या कडा आतल्या बाजूला न वळवता सपाट. नुसता जाड फोम लावून भागत नाही. दोर त्यात बुडतो आणि दाब पुन्हा एका रेषेवरच येतो.

चाकाची घुंडी फिरवून पोलादी तार गुंडाळणाऱ्या यंत्रणेचा पर्याय आम्ही आधी तपासला होता. २००१ साली बोआ या कंपनीने ती स्नोबोर्डच्या बुटांसाठी आणली आणि एका हाताने चालवायला ती खरोखर सोपी आहे. अडचण तिच्या जोरात आहे. घुंडीची त्रिज्या १५ मिलिमीटर, आतल्या रिळाची ६, बोटांनी २० न्यूटन लावले की तारेत ५० येतात. निरोगी पावलाला आवळल्याचं लगेच कळतं. पक्षाघातानंतर पावलाची जाणीव बोथट असेल तर कळत नाही, आणि घुंडी तर टकटक करत पुढे जातच राहते. ठरावीक ताणानंतर सटकणारी घुंडी बनवता येईल, पण मग भाग वाढतात, खर्च वाढतो आणि बिघडली तर साध्या दुरुस्तीवाल्याकडे सुटत नाही. सरळ ओढायच्या दोरात हातालाच ताणाचा अंदाज येतो. तो जपावासा वाटला.

आता कुलूप, म्हणजे ओढलेला दोर जागेवर धरून ठेवणारा भाग. पिशव्यांवर असतो तसा स्प्रिंगचा टॉगल नमुन्यात होता आणि तो सटकत होता. त्यात नवल नाही. स्प्रिंग १० न्यूटनने दाबते आणि दोर दोन्ही बाजूंनी घासतो असं धरलं, तर ०.१ घर्षणांकाला धरण्याची ताकद निघते फक्त २ न्यूटन. दोर जितका निसरडा केला तितका तो कुलपातूनही सुटणार होता. पाचरीच्या कुलपात ओढ वाढली की पकड वाढते, पण त्यालाही अट आहे: पाचरीच्या अर्ध्या कोनाचा टॅन्जंट घर्षणांकापेक्षा कमी हवा. ०.१ ला तो कोन सहा अंशांच्या आत येतो. इतकी बारीक पाचर अडकून बसते आणि एका हाताने सुटत नाही. दात काढले तर ते हा दोर पिंजतात.

तोड शिडाच्या बोटींवर तयारच होती. तिथे दोराचा गाभा निसरडा असतो, पण जिथे तो हातात किंवा पकडीत येतो तेवढ्याच भागावर पॉलिएस्टरचं खरखरीत आवरण ठेवतात. आम्ही वरच्या शेवटच्या २२० मिलिमीटरवर पॉलिएस्टरची विणलेली नळी चढवून दोन्ही टोकांना शिवली. नळ्यांमधून गाभा सरकतो, कुलपात आवरण अडकतं. आता १२ अंशांची पाचर पुरली, कारण तिचा अर्धा कोन ६ अंश आणि आवरणाचा घर्षणांक त्या मानाने भरपूर. एकच काळजी: आवरण जिथे सुरू होतं ती जाडी सगळ्यात वरच्या नळीत शिरता कामा नये. बूट पूर्ण उघडल्यावरही तिथे १० मिलिमीटर अंतर उरावं असं माप घेतलं. नाहीतर बूट उघडताना तिथेच अडतो.

उघडण्याबद्दल फार कमी लोक बोलतात. वेळ मोजतात ती बांधायची. एएफओ घातलेला पाय वाकत नाही, तो बुटात सरळ खाली उतरवावा लागतो, त्यामुळे तोंड जवळजवळ चवड्यापर्यंत उघडायला हवं. जुन्या नाडीत प्रत्येक पदर बोटाने सैल करावा लागे. निसरड्या दोराने पाचर मागे ढकलून जिभेची कडी एकदा ओढली की तिन्ही पदर एकदम सुटले. वेळेची खरी बचत इथे झाली.

मग जोडी पायात घालून चालण्याची चाचणी, आणि दिवसातलं आश्चर्य इथे होतं. डाव्या, म्हणजे एएफओच्या पायाचा बूट घट्ट राहिला. धडधाकट उजव्या पायाची टाच मात्र प्रत्येक पावलाला वर सरकत होती. बूट दोन्ही एकाच मापाचे, दोर तोच, ताण तोच, आणि कुलूप तपासलं तर जागचं हललेलं नव्हतं.

दोरावर प्रत्येक नळीच्या तोंडाशी पेनाने खूण केली आणि पुन्हा चालायला सांगितलं. उजव्या बुटावरच्या खुणा प्रत्येक पावलाला ५-६ मिलिमीटर पुढेमागे होत होत्या. टाच उचलताना पाऊल चवड्यावर वाकतं, बुटाचा पुढचा भाग फाकतो आणि जास्त दोर मागतो. निसरड्या वाटेने तो दोर घोट्याकडून खाली येतो. घोट्याजवळचा पदर नेमका त्या क्षणी सैल होतो जेव्हा टाच धरून ठेवायची असते. डाव्या पायाच्या एएफओचा तळ बोटांपर्यंत कडक होता, तिथे पाऊल वाकतच नव्हतं आणि दोर मागायला कुणी नव्हतं. जुन्या नाडीतलं जे घर्षण आम्ही सकाळी घालवलं, ते बांधताना आड येत असलं तरी चालताना वरचा आणि खालचा भाग वेगळा ठेवत होतं.

घर्षण परत आणायचं, पण एकाच जागी. पहिला उपाय, मधल्या नळीतून दोर दोनदा फिरवणं. एका जादा पूर्ण वेढ्याने फरक पडतो तो जेमतेम १.९ पट, शिवाय दोर दोरावर घासतो. हा धागा स्वतःवरच एका जागी घासत राहिला तर तापतो आणि लवकर तुटतो. तो उपाय तिथेच सोडला.

टिकला तो दुसरा. दोर खालच्या दोन जोड्यांपुरता ठेवला आणि घोट्याजवळ ३० मिलिमीटर रुंद वेल्क्रोचा पट्टा वेगळा दिला. तळाशी त्याचा कोन साधारण ४५ अंश, म्हणजे ओढ खाली आणि मागे जाते आणि टाच मागच्या कडक भागात बसते. आडवा पट्टा फक्त घोटा आवळतो. पट्टा कडीतून उलटा फिरवून स्वतःवर चिकटतो, त्यामुळे वेल्क्रोवर येणारा भार निम्म्याच्या आसपास राहतो. जॉर्ज द मेस्ट्रालच्या या जोडणीला १९५५ साली अमेरिकी पेटंट मिळालं तेव्हापासून तिचा स्वभाव बदललेला नाही: सरळ रेषेत ओढली तर घट्ट, कडेने सोलली तर लगेच सुटते. म्हणून निदान ४० मिलिमीटर एकमेकांवर चढवावं आणि पट्ट्याचं टोक १५ मिलिमीटर बिनआकड्यांचं ठेवावं, म्हणजे बोटाला धरायला जागा मिळते. धूळ आणि तंतू आकड्यांतच साठतात, साध्या बारीक कंगव्याने ते निघतात.

संध्याकाळच्या सुजेचंही यातच जमलं. दोर सकाळी एकदा लावायचा, दुपारी फक्त पट्टा उघडून परत लावायचा. सुजेने पावलाचा घेर वाढला तरी ४० मिलिमीटर धरून वर २५ मिलिमीटरची जादा लांबी पट्ट्यात आहे.

ओल्या चाचणीत कुलूप धरून राहिलं. बारीक वाळू मात्र पाचरीच्या खाचेत बसली आणि पाचर मागे जाईना. खाचेच्या तळाला ३ मिलिमीटरची आरपार फट दिली, वाळू तिथून गळते.

नमुना बनवणाऱ्यांना दिलेल्या टिपणात शेवटचा मुद्दा बाजूंचा होता. बूट आरशातल्या प्रतिमेसारखे बनवायची सवय असते: डाव्याचं कुलूप बाहेर, तर उजव्याचंही बाहेर. इथे दोन्ही पायांना एकच हात पोचणार आहे. उजव्या हाताने ओढायचं तर उजव्या बुटाची ओढ बाहेरच्या बाजूला हवी आणि डाव्याची आतल्या. दोराच्या टोकाला २५ मिलिमीटरची कडी, एका बोटाने ओढण्यापुरती, आणि उरलेलं शेपूट जिभेवरच्या रबरी पट्टीखाली खोचायची सोय, कारण लोंबतं शेपूट दुसऱ्या बुटाखाली येतं. ज्यांचा डावा हात चालतो त्यांच्यासाठी सगळं उलट. म्हणजे प्रत्येक मापाच्या दोन वेगळ्या जोड्या, आणि डब्यावर बुटाच्या मापासोबत हातही छापायचा.