पालकाच्या रकान्यातली सही

टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी वसलेल्या म्वान्झा शहरात, मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याचे हिशेब मी चार वर्षे सांभाळतो आहे. शनिवारी सुट्टी असते आणि तो दिवस रस्त्यावरच्या मुलांसाठी चालणाऱ्या एका निवाऱ्यात जातो. निपाणीहून फोन आला की घरचे विचारतात, तिथे शाळा फुकट नाही का? फुकट आहे. प्राथमिक शाळेची फी कधीच बंद झाली आणि जानेवारी २०१६ पासून सरकारी माध्यमिक शाळेतही ‘फॉर्म फोर’पर्यंत, म्हणजे माध्यमिकच्या चौथ्या वर्षापर्यंत ती घेतली जात नाही. गणवेश आणि वह्यांचा खर्च उरतो, पण तो कोणीही उचलू शकते. मूल अडते ते प्रवेश अर्जातल्या पालकाच्या रकान्यापाशी.

किरुंबाच्या मासळी बाजारात पहाटे पाट्या वाहणारा आणि रात्री तिथल्याच ओट्याखाली झोपणारा एक अकरा वर्षांचा मुलगा गेल्या वर्षी आमच्याकडे आला. अंगाला वाळलेल्या दागा मासळीचा वास होता. मला पाहताच तो ‘शिकामू’ म्हणाला. ‘आपले पाय धरतो’ असा या नमस्काराचा मूळ अर्थ सांगतात आणि थोरांनी त्यावर ‘माराहाबा’ म्हणायचे असते. ज्याला कुणी घरात घेतले नव्हते, त्या मुलाने हा रिवाज मात्र सोडला नव्हता. शाळेत मुख्याध्यापकांनी जन्मदाखला आणि पालकाचे नाव विचारले तेव्हा तो खाली मान घालून उभा राहिला.

त्याची ती मान मला ओळखीची होती. आमच्या निपाणीच्या शाळेत हजेरी घेताना गुरुजी मुलाच्या नावापुढे वडिलांचे नावही वाचत आणि वर्गातल्या एका मुलीपाशी येऊन दरवेळी क्षणभर थांबत. तिची आई यल्लम्माला सोडलेली होती. कर्नाटकाने १९८२ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला, पण हजेरीपटातला तो रकाना त्यानंतरही बरीच वर्षे तसाच राहिला. सातवीनंतर ती शाळेत दिसली नाही आणि आम्हीही कुणी तिची चौकशी केली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

या मुलाची आई वारली होती. तरी त्याची बीबी, म्हणजे आजी, उकेरेवे बेटावर असल्याचे त्याच्या बोलण्यातून हळूहळू कळले. समाजकल्याण अधिकाऱ्याचे पत्र घेऊन निवाऱ्यातली कार्यकर्ती आणि मी फेरीबोटीने नान्सिओला गेलो आणि पुढे विचारत विचारत दुपारी त्या घरी पोहोचलो. म्हातारीने आधी आम्हाला उकडलेला कसावा खायला दिला आणि मगच विचारले, तो जिवंत आहे का?

आठवड्याने ती म्वान्झाला आली. अर्जावर अंगठा उमटवल्यावर बोटाची शाई तिने पदराला पुसली नाही, हात तसाच वर धरून बसून राहिली. मुलाचे वय पाहून त्याला ‘मेम्क्वा’ वर्गात घेतले. शाळा हुकलेल्या मोठ्या मुलांना तिथे प्राथमिकचा अभ्यास थोड्या वर्षांत पुरा करता येतो. तो वहीला ‘दफ्तरी’ म्हणतो, गणिताला ‘हेसाबू’. हे शब्द ऐकले की मला घरी असल्यासारखे वाटते.

गावाकडचे अनेकजण इथे अनाथाश्रमाची खोली बांधून देऊ का, असे विचारतात. त्यांच्या मनाबद्दल मला आदर आहे, तरीही मी नको म्हणतो, कारण ज्यांना आपण अनाथ समजतो त्यांतल्या कित्येकांची आजी, मावशी किंवा मामा कुठेतरी असतो आणि त्यांना शोधून काढणाऱ्या कार्यकर्तीचा पगार आणि बोटीचे भाडे द्यायला मात्र सहसा कुणी पुढे येत नाही. दिवाळीत निपाणीहून आलेले पैसे आम्ही त्यासाठीच ठेवले आहेत. सध्या निवाऱ्यात दोन भाऊ आहेत. धाकट्याला गावाचे नाव सांगता येत नाही, पण घरासमोर मोठा खडक आणि त्यापलीकडे चर्च होते एवढे त्याला आठवते. या शनिवारी त्यांना घेऊन आम्ही काठाकाठाने फिरणार आहोत.